दिनविशेषकोशांतील नोंदींची एकवाक्यता

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या आपणांपैकीं बहुतेकांनीं केव्हांना केव्हां एक छोटासा दिनविशेष तयार केलेला असतो. कोणी वहीच्या तीनशें सहासष्ट पानांवर, कोणी चिठ्ठ्यांच्या पेटींत, तर कोणी जुन्या पंचांगाच्या कोऱ्या समासांत, ज्या दिवशीं जें घडलें तें त्या दिवसापुढें मांडून ठेवतो. अशा दहा संग्राहकांच्या टिपणांचा एक कोश करण्याची वेळ आली म्हणजे मात्र मोठी अडचण उभी राहते. एकाच्या वहींत जो प्रसंग १९ फेब्रुवारीस असतो तोच दुसऱ्याच्या वहींत १ मार्चास असतो. एक जण शक लिहितो, दुसरा नुसतें इसवी साल लिहितो. एकाच्या लेखीं जो फाल्गुन तो दुसऱ्याच्या लेखीं चैत्र. प्रत्येकाचें टिपण त्याच्यापुरतें बरोबर असूं शकतें. पण तीं सर्व एका दोऱ्यांत ओंवलीं कीं कोश खोटें बोलूं लागतो. हा दोष टाळण्यास कोणते नियम पाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

विषय वरकरणी कारकुनी वाटेल. तसा तो नाहीं हें दाखविण्यास एक कल्पित उदाहरण पुरे आहे. समजा, एका संग्रहांत शिवाजीमहाराजांच्या नांवाचें एक पत्र आहे व सूचीकारानें त्याची तारीख ९ एप्रिल १६८० अशी दिली आहे. महाराजांचें निधन ३ एप्रिल १६८० रोजीं झालें हें सर्वश्रुत आहे. तेव्हां सूची वाचणारा अभ्यासक त्या पत्रावर 'बनावट' असा शेरा मारील, आणि पुढें त्याकडे कोणी ढुंकून पाहणार नाहीं. परंतु निधनाची ३ एप्रिल ही तारीख जुन्या, म्हणजे जूलियन पंचांगाची आहे. सूचीकारानें पत्रावरील मिति नव्या, म्हणजे ग्रेगोरियन पंचांगांत फिरविली असेल, तर त्याची ९ एप्रिल ही जुन्या गणनेनें ३० मार्च होते. आणि त्या दिवशीं महाराज हयात होते. पत्र खरें कीं खोटें तें अक्षर, शिक्का व मजकूर यांवरून ठरावयाचें. पण येथें चौकशीवांचूनच त्याला शिक्षा झाली, आणि ती सूचीकारानें न लिहिलेल्या एका अक्षरामुळें झाली.

१. मूळ मिति आणि फिरविलेली तारीख

सर्व नियमांचा पाया एकच आहे. कागदावर लिहिलेली मिति ही साक्ष होय. आपण तिच्यावरून काढलेली इंग्रजी तारीख हें अनुमान होय. अनुमान कितीहि अचूक असलें तरी त्यानें साक्षीची जागा घेऊं नये. म्हणून प्रत्येक नोंदींत मूळ मिति जशी असेल तशी प्रथम उतरून घ्यावी. ती अपुरी असली तर अपुरीच ठेवावी. शक नसल्यास आपल्या पदरचा घालूं नये, आणि घालणें भागच पडल्यास चौकटी कंसांत घालावा. त्यानंतर फिरविलेली तारीख द्यावी, व ती कोणत्या पंचांगाची हें तिच्याजवळच लिहावें.

या नियमाची किंमत मला एका दप्तरानें शिकविली. एका जुन्या घराण्याचे मोडी कागद वाळवीनें खाल्ले जात होते. घरच्या वडील माणसांनीं मोठ्या आस्थेनें त्यांच्या बाळबोध नकला करविल्या, आणि मूळ कागद पूज्य म्हणून रद्दींत न टाकतां नदींत विसर्जन केले. नकला मीं पाहिल्या. अक्षर सुंदर, वह्या नीट बांधलेल्या. पण नकल करणाऱ्यानें वाचकांच्या सोयीसाठीं सर्व मित्या इंग्रजी तारखांत फिरवून फक्त त्याच लिहिल्या होत्या. त्या जूलियन कीं ग्रेगोरियन याचा कोठेंहि उल्लेख नव्हता, व वारहि गाळलेले होते. त्या कागदांतील प्रत्येक दिवस आतां दहा दिवसांनीं मागेंपुढें हालतो, आणि त्याला स्थिर करण्याचें साधन नदीच्या तळाशीं गेलें आहे. दोष आस्थेचा नव्हता, पद्धतीचा होता.

२. दिनमाला कोणत्या पंचांगाची

दिनविशेषकोश हा १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत, २९ फेब्रुवारी धरून, तीनशें सहासष्ट दिवसांवर रचलेला असतो. ही दिनमाला कोणत्या पंचांगाची, हें पहिल्या पानावर सांगितलेंच पाहिजे.

पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेनें १५८२ सालीं ४ ऑक्टोबर गुरुवारनंतर एकदम १५ ऑक्टोबर शुक्रवार धरण्यांत आला. पोर्तुगालनें ही सुधारणा लागलीच मान्य केली. इंग्लंडनें ती १७५२ पर्यंत मानली नाहीं. त्या वर्षीं तेथें २ सप्टेंबर बुधवारनंतर १४ सप्टेंबर गुरुवार आला. यामुळें संबंध सतराव्या शतकांत गोव्याचा पोर्तुगीज लेखक आणि सुरतेचा इंग्रज वखारवाला एकाच दिवशीं दोन तारखा लिहीत होते. हें अंतर १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दहा दिवसांचें व त्यानंतर अकरा दिवसांचें आहे.

वसईचेंच उदाहरण घ्या. पोर्तुगीजांच्या शरणागतीची तारीख कांहीं ग्रंथांत ५ मे १७३९ व कांहींत १६ मे १७३९ अशी दिलेली आढळते. दोहोंत मुळींच विरोध नाहीं. पहिली जूलियन व दुसरी ग्रेगोरियन आहे. परंतु पंचांगाचा उल्लेख न करणाऱ्या कोशांत वसई दोनदां पडते!

इंग्रजी कागदांविषयीं आणखी एक सावधगिरी हवी. १७५२ पूर्वीं इंग्रजांचें वर्ष कायद्यानें २५ मार्चला सुरू होई. शिवाजीमहाराजांनीं सुरत लुटली तो जानेवारी आपल्या हिशेबानें १६६४ चा. इंग्रजी वखारीच्या कागदांत तो १६६३ चा असतो. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी व २४ मार्चपर्यंतच्या अशा तारखा १६६३/६४ याप्रमाणें दुहेरी सालानें लिहाव्या.

माझी सूचना अशी कीं, २ सप्टेंबर १७५२ पर्यंतच्या सर्व घटना जूलियन तारखेखालीं घालाव्या व पुढें 'जू.' हें अक्षर लावावें. त्यापुढील ग्रेगोरियन तारखेखालीं घालाव्या. मराठ्यांच्या इतिहासावरील बहुतेक मान्य ग्रंथ हीच रीति पाळतात, व सार्वजनिक व्यवहारांतील शिवजयंतीची १९ फेब्रुवारी आणि राज्याभिषेकाची ६ जून याहि जूलियनच आहेत. पोर्तुगीज व डच साधनांतील तारीख त्या दिनमालेंत बसवावी, पण मूळ तारीखहि शेजारीं ठेवावी. कोणाला सर्वच ग्रेगोरियन करणें सयुक्तिक वाटेल, आणि त्या पक्षासहि बळ आहे. कोणतीहि एक पद्धति चालेल. न सांगितलेली पद्धति चालणार नाहीं.

३. मिति वाचतांना

प्रथम शक. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून डिसेंबरअखेरपर्यंत शकांत ७८ मिळविले असतां इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. हें सर्वांस ठाऊक आहे, आणि तरीहि सर्वांत अधिक चुका येथेंच होतात. मींहि केली आहे. शाळेंत असतांना केलेल्या माझ्या चिठ्ठ्यांत माघ वद्यांतील एक पत्र ७८ मिळवून एक वर्ष अलीकडे गेलें होतें. पुष्कळ दिवसांनीं एका विद्यार्थ्यानें वार काढून पाहिला व तो जुळत नाहीं असें मला भीत भीत सांगितलें. चिठ्ठीवर मूळ मिति व वार होता म्हणून ती चूक दुरुस्त झाली. नुसती तारीख असती तर ती माझ्यामागेंहि तशीच राहिली असती.

दुसरें, मासाची रीति. आपला महिना अमान्त, म्हणजे अमावास्येस संपणारा, उत्तरेकडील पौर्णिमान्त. शुद्ध पक्षांत कांहीं भेद पडत नाहीं, पण आपला जो वद्य पक्ष त्याला तिकडे पुढील महिन्याचें नांव असतें. महाराज आग्र्याहून निसटले तो दिवस श्रावण वद्य १२ शके १५८८, म्हणजे १७ ऑगस्ट १६६६ (जू.), शुक्रवार. पौर्णिमान्त रीतीनें हीच तिथि भाद्रपद वद्य १२ होते. राजस्थानी कागदांवरून नोंद करणाऱ्यानें भाद्रपद आपल्या अर्थानें घेतला, तर प्रसंग एक महिना पुढें जाईल. विक्रम संवताचेंहि वर्ष गुजराथेंत कार्तिकांत व उत्तरेंत चैत्रांत बदलतें, हें त्याबरोबर ध्यानांत ठेवावें.

तिसरें, शुहूर सन. पेशवाईच्या कागदांत हा अरबी अंकशब्दांनीं लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. हें वर्ष सूर्य मृगनक्षत्रांत जातो तेव्हां बदलतें, म्हणून त्यास मृगसाल म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे. ११६१ चा पौष १७६१ च्या जानेवारींत येतो तो यामुळें. दक्षिणेंतील फसली सन याहून ९ नें अधिक असतो. शुहूर सन सौर असला तरी त्याबरोबर येणारा मुसलमानी महिना चांद्र असतो. त्याच्या दिवसाच्या अंकापूर्वीं 'छ' हें अक्षर असतें. त्या गणनेंत दिवस सूर्यास्तापासून धरतात. गुरुवारचा सूर्य मावळला कीं शुक्रवार लागतो.

चौथें, दिवसाचा आरंभ. जेधे शकावलींत महाराजांचें सिंहासनारोहण शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध १२ स, शुक्रवारीं, तीन घटका रात्र उरली असतां नोंदलेलें आहे. राज्याभिषेक शकाचा आरंभ ज्येष्ठ शुद्ध १३ पासून. आणि तारीख दिली जाते ती ६ जून १६७४, शनिवार. एका प्रसंगाला दोन तिथि आणि दोन वार! वस्तुतः या तिन्ही नोंदी खऱ्या आहेत. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटें. तितकी रात्र उरली असतां आपल्या रीतीनें शुक्रवारच चालू होता, व त्या वाराची उदयतिथि द्वादशी होती. पण द्वादशी मध्येंच संपून प्रत्यक्ष क्षणीं त्रयोदशी लागलेली होती, आणि मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्याचा शनिवार सुरू झाला होता. कोशकारानें एकवाक्यतेच्या हौसेनें द्वादशीची त्रयोदशी केली, तर त्यानें एका समकालीन साक्षीच्या तोंडचे शब्द बदलले असें होईल. रात्रीच्या घटनांत म्हणून घटका अवश्य उतरून घ्याव्या.

पांचवें, राष्ट्रीय पंचांग. भारत सरकारनें २२ मार्च १९५७ पासून सुरू केलेल्या या सौर पंचांगांतहि शक आणि चैत्रादि महिने आहेत; त्या दिवशीं १ चैत्र १८७९ होता. त्यांत शुद्ध-वद्य नाहीं. अर्वाचीन नोंदींत असा दिनांक आल्यास 'रा.' हें अक्षर लावावें, नाहींपेक्षां पुढील पिढी त्यास तिथि समजेल.

४. ताळा पाहणें

तारीख फिरविण्याचीं साधनें आज विपुल आहेत. सिवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय कालगणनेवरील ग्रंथ १८९६ सालीं व स्वामीकन्नू पिल्ले यांचीं कोष्टकें १९२२ सालीं प्रसिद्ध झालीं. आतां तर संगणकावर क्षणांत उत्तर मिळतें. परंतु साधन कोणतेंहि असो, दोन ताळे पाहिल्यावांचून नोंद पुरी मानूं नये.

पहिला ताळा वाराचा. पंचांग सुधारतांना तारखा उडविल्या, पण वारांची माळ कधींच तुटली नाहीं. १९ फेब्रुवारी १६३० (जू.) आणि १ मार्च १६३० (ग्रे.) हा एकच दिवस, आणि दोन्ही गणनांनीं तो शुक्रवारच. याच १९ फेब्रुवारीस ग्रेगोरियन समजून वार काढला तर मंगळवार येतो. एकादें यंत्र मंगळवार दाखवूं लागलें तर जेधे शकावली चुकली असें म्हणूं नये. यंत्रानें कोणतें पंचांग धरलें तें आधीं विचारावें.

दुसरा ताळा संवत्सराचा. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें व बाकी प्रभवापासून मोजावी. १५५१ मध्यें १२ मिळविले कीं १५६३. बाकी ३, म्हणजे प्रभव, विभव, शुक्ल यांतील शुक्ल. १५८१ ला बाकी ३३, म्हणजे विकारी. १५९६ ला ४८, म्हणजे आनंद. बाकी शून्य राहिल्यास साठावा क्षय समजावा. शकाचा आंकडा फाटला असून संवत्सराचें नांव शाबूत असलें तर हाच हिशेब उलट करून शकापर्यंत जातां येतें. मात्र असा शक कंसांतच राहील.

५. नोंदीची रचना

प्रत्येक नोंद एकाच क्रमानें लिहावी: तारीख व पंचांगाचें अक्षर, मग मास, पक्ष, तिथि, शक, संवत्सर व वार, मग घटना व स्थळ, शेवटीं आधार. नमुना असा:

१० नोव्हेंबर १६५९ (जू.). मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १५८१, विकारी, गुरुवार. शिवाजीमहाराजांनीं प्रतापगडच्या पायथ्याशीं अफझलखानाचा वध केला. त्यापुढें आधारग्रंथाचें अथवा पत्राचें नांव.

एका दिवसाखालील नोंदी सालाच्या चढत्या क्रमानें द्याव्या. घटना, जन्म व मृत्यु असे तीन भाग करून प्रत्येकांत हाच क्रम ठेवावा. वाक्य एक असावें व क्रियापद भूतकाळीं असावें. व्यक्तींचीं व स्थळांचीं नांवें सर्व कोशभर एकाच रूपांत यावीं; एके ठिकाणीं 'शंभुराजे' व दुसऱ्या ठिकाणीं 'संभाजीमहाराज' असें झाल्यास सूची करणाऱ्याचे हाल होतात. विशेषणें वर्ज्य करावीं. घटनेचा थोरपणा घटनाच सांगते.

कोणती क्रिया त्या दिवशीं झाली, तें नेमकें लिहावें. 'वसई घेतली' एवढ्यानें भागत नाहीं. शरणागतीचा करार झाला तो दिवस आणि पोर्तुगीज बाहेर पडून मराठे किल्ल्यांत शिरले तो दिवस एक नव्हे. दोहोंच्या दोन नोंदी कराव्या व एकीवरून दुसरीकडे निर्देश करावा. ज्या घटनेचें साल कळतें पण दिवस कळत नाहीं, ती ओढूनताणून एकाद्या दिवसाखालीं बसवूं नये. तिची जागा शेवटच्या वर्षवार पुरवणींत आहे.

६. वाद आणि समजूत

मित्यांविषयीं मतभेद असेल तेथें कोशकार न्यायाधीश होऊं लागतो, तें टाळावें. शिवजन्माची परंपरेनें मानलेली मिति वैशाख शुद्ध २ शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७ (जू.). १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रकाशांत आणली व तींत फाल्गुन वद्य ३ शके १५५१, शुक्रवार अशी मिति निघाली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' काव्यांतहि तोच शक, तोच संवत्सर व तीच तिथि आहे. कवीनें शक अंकशब्दांनीं सांगितला आहे: भू म्हणजे १, बाण ५, प्राण ५, चंद्र १. असे शब्द उजवीकडून डावीकडे मांडावयाचे असतात. हा अंक मात्र दोहोंकडून वाचला तरी १५५१ च येतो, त्यामुळें शंकेस जागा राहत नाहीं. महाराष्ट्र शासनानेंहि २००१ पासून १९ फेब्रुवारी हा दिवस मान्य केला आहे. कोशांत मुख्य नोंद १९ फेब्रुवारीखालीं, साधार यावी; ६ एप्रिलखालीं 'एका परंपरेप्रमाणें' एवढें म्हणून मुख्य नोंदीकडे निर्देश करावा. जुनी मिति पुसून टाकूं नये. दोनशें वर्षांच्या बखरी वाचणारास ती लागणार आहे.

समजुतीचा प्रकार निराळा. पानिपतचें युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजीं, पौष शुद्ध ८ शके १६८२, बुधवारीं झालें. आज संक्रांत बहुधा १४ जानेवारीस येते, म्हणून तें संक्रांतीच्याच दिवशीं झालें असें पुष्कळ लोक सांगतात व कांहीं दिनविशेषांत तसें छापलेलेंहि आहे. परंतु आपली संक्रांत निरयन गणनेची असल्यामुळें ती ग्रेगोरियन तारखांतून सुमारें साठ-सत्तर वर्षांस एक दिवस याप्रमाणें पुढें सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती १८६३ सालीं १२ जानेवारीस होती. त्याच्याहि शंभर वर्षें मागें गेलें असतां ती १४ स असणें शक्य नाहीं. १७६१ सालीं ती युद्धापूर्वीं कांहीं दिवस होऊन गेली होती. आजचें पंचांग मागल्या काळावर पसरण्याचा हा मोह आहे. ज्या दिवसास आज जो सण येतो तो त्या वर्षींहि त्याच दिवशीं होता, असें स्वतंत्र ताळा पाहिल्यावांचून कधींहि लिहूं नये.

येथवर सांगितलेल्या नियमांत अवघड असें कांहींच नाहीं. एका नोंदीस चार शब्द अधिक लागतात, आणि चिठ्ठी किंचित् मोठी घ्यावी लागते. माझी सर्व संग्राहकांस एवढीच विनंति आहे कीं, आपल्या जुन्या वह्या एकदां काढून पाहाव्या, व जेथें नुसती तारीख आहे तेथें मूळ कागद हाताशीं आहे तोंवर त्यावरील मिति व वार तिच्याशेजारीं उतरून ठेवावा. तारीख पुढील अभ्यासक आपल्याहून चांगली काढतील. मिति मात्र ज्याच्या घरीं कागद आहे त्यालाच उतरतां येते, आणि वाळवीला आपल्या सवडीची वाट पाहण्याची संवय नाहीं.